ओळखीचे रोग

मला ताप आला की अजूनही आधी सर आठवतात आणि मग पॅरासिटामॉल. सर असते तर गोळीकडे जाणारा हात त्यांनी वाटेतच धरला असता. "थांब की जरा! आत माणसं कामाला लागली आहेत, आणि तू लाइट घालवायला निघालीस." मग स्वतः मऊ भात टाकायचे, वर मेतकूट आणि तूप, आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायचे. थर्मामीटरचा आकडा बघून मॅचचा स्कोअर ऐकल्यासारखे खूश व्हायचे. ताप फारच चढला तर गोळीही तेच द्यायचे आणि डॉक्टरकडेही तेच न्यायचे. हट्टी होते, वेडे नव्हते. निदान त्या बाबतीत तरी नव्हते.

सरांना जाऊन आता दोन हिवाळे झाले. आजार उलटला आणि फार दिवस लागले नाहीत. मेलबर्नजवळच्या वेरिबीतलं त्यांचं घर विकलं गेलं. नव्या मंडळींनी पुढच्या अंगणातला कढीपत्ता उपटून तिथे पांढरे खडे पसरलेत. त्या रस्त्याने जायचं नाही असं मी दर वेळी ठरवते, आणि भाजीला निघाले की गाडी तिकडूनच नेते.

मी मास्टर्ससाठी पुण्याहून आले तेव्हा 'मराठी घरात खोली' अशी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरची जाहिरात वाचून त्यांच्या दारात उभी राहिले होते. जानेवारीचा रणरणता उन्हाळा, आणि दार उघडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी. उंच, काटकुळे, डाव्या भुवईच्या वर कांजिण्यांचा एक खोल वण. भाडं, डिपॉझिट, नोकरी, काहीही विचारलं नाही.

"लहानपणी काय काय झालंय?"

"म्हणजे?"

"गोवर, कांजिण्या, गालगुंड, डांग्या खोकला. काय काय येऊन गेलं?"

"कांजिण्या," मी म्हटलं. "पाचवीत. सहामाहीच्या वेळी."

"कुठे?"

"कोथरूडला."

"कोथरूडच्या कांजिण्या." त्यांनी समाधानाने मान डोलावली. "ये आत."

ओळखीचे रोग असलेला माणूस घरात बरा, असं त्यांचं मत होतं. माझ्याआधी राहिलेल्या नागपूरच्या मुलाला स्वतःचं काहीच आठवेना, तर सरांनी त्याला तिथल्या तिथे आईला फोन लावायला लावला म्हणे. मग त्या बाई आणि सर गालगुंडापासून सुरुवात करून संत्र्यांच्या भावापर्यंत गप्पा मारत बसले, आणि पोरगा बाहेर उन्हात बॅगेवर बसून राहिला.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना 'काका' म्हटलं. परदेशात सगळेच काका असतात. ते एकदम गंभीर झाले. "काका नको. नातं तपासल्याशिवाय लावू नये. सर म्हण, तेवढं खरं आहे." होतंच खरं. आयुष्यभर इथल्या एका युनिव्हर्सिटीत त्यांनी इम्युनॉलॉजी शिकवलं होतं. नोकरीतून रिटायर झाले होते, शिकवण्यातून नाही. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे घरात ऐकायला कोणी नाही. मग समोर येईल तो विद्यार्थी. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही टॉन्सिल्सचं कार्य ऐकावं लागायचं. "Yeah, no worries, mate," करत तो बिचारा एकेक पाऊल मागे सरकत व्हॅन गाठायचा.

एकदा माझा अंगठा नखापाशी पिकला. दाखवल्यावर सर वाकले, चष्मा कपाळावर चढवला, आणि त्या पिवळ्या ठिपक्यासमोर चक्क हात जोडले.

"सर, काय करताय!"

"गप्प बस. पू आहे तो. पू म्हणजे काय? मेलेले सैनिक. कातडी फाटली, जंतू आत शिरले, की रक्तातून पहिले धावत येतात ते हे. न्यूट्रोफिल. भाबडी जात! नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. समोर दिसला की गिळायचा आणि मरायचं. एखाद-दुसऱ्या दिवसाचं आयुष्य त्यांचं, तेही तुझ्या अंगठ्यासाठी दिलं. आणि तू ईऽऽ करतेस."

मी अंगठ्यालाच सॉरी म्हणायची बाकी होते. पण सरांचा धडा एकदा सुरू झाला की मध्ये थांबत नसे. त्या धुमश्चक्रीत म्हणे एक पेशी अशी असते की ती लढत बसत नाही. ती शत्रूचा एक तुकडा उचलते आणि चालू पडते, थेट काखेतल्या नाहीतर जांघेतल्या गाठीपर्यंत. तिथे असंख्य पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला आयुष्यात एकच चेहरा ओळखता येतो. ही बाई तो तुकडा प्रत्येकीसमोर धरते आणि विचारते, ह्याला कोणी ओळखता का?

"लग्नाळू मुलाचा फोटो पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या आत्या असतात ना, तशी," सर म्हणायचे. "फिरता फिरता एखादीला तो चेहरा पटतो. मग ती वाढायला लागते. एकीच्या दोन, दोघींच्या चार, अख्खी फौज. ह्याला दिवस लागतात. स्थळ काय लगेच मिळतं? तोवर ताप सोसायचा."

त्यांचं खरं भांडण होतं ते 'इम्युनिटी वाढवा' या शब्दांशी. लॉकडाऊनमध्ये मंडळाच्या ग्रुपवर रोज नवा काढा यायचा. सर प्रत्येक काढ्याखाली लिहायचे: "वाढवायची नसते. वाढली की दमा होतो, संधिवात होतो, ती घरच्यांवरच उठते. ती शहाणी करायची असते. लस घ्या आणि चहा प्या." शेवटी क्रेगीबर्न भागातल्या एका बाईंनी त्यांना ग्रुपमधून काढलं. सरांनी मला ते अभिमानाने दाखवलं. "बघ. मला परका ठरवून बाहेर टाकलं. ग्रुपची इम्युनिटी चांगली आहे."

आणि मग यायची ती शाळा. सरांचा सगळ्यात लाडका विषय. छातीच्या हाडामागे म्हणे एक शाळा असते, थायमस नावाची. लढणाऱ्या पेशी लहानपणी तिथे शिकतात. परीक्षेत दोनच प्रश्न: तुला समोरचा ओळखता येतो का? आणि घरच्या माणसावर हात उचलशील का? पहिल्याला नाही किंवा दुसऱ्याला हो म्हणणारा तिथेच संपतो. बहुतेक सगळे नापास होतात. "आणि आपण मोठे झालो की शाळा हळूहळू बंद पडते. मग जुन्या विद्यार्थ्यांवर भागवायचं." हे सांगताना ते छातीच्या मधोमध दोन बोटं ठेवायचे, शाळेच्या दारावर टकटक करावी तशी.

वेरिबीचं नाव काढलं की मेलबर्नची मंडळी नाकाला हात लावतात, कारण अर्ध्या शहराचं मैलापाणी इथल्या शेतांवर येतं. सरांनी मुद्दाम इथे घर घेतलं होतं. "शहरात कोण कशाने आजारी आहे ते इथे आधी कळतं. ह्याच्याइतकं खरं बोलणारं ठिकाण नाही." वारा फिरलेला असला की हायवेवरूनच वास सुरू व्हायचा. गाडीतले बाकीचे काचा वर करायचे, सर आपली खाली करायचे, खोल श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आलं घर."

पण घर म्हटलं की त्यांचं बोट जायचं ते भुवईवरच्या वणाकडे. सर मूळचे रेवदंड्याचे. "पासपोर्ट ह्या देशाचा झाला. पण हाडाच्या पोकळीत जाऊन बघ. रेवदंड्याच्या कांजिण्यांना ओळखणाऱ्या पेशी अजून तिथे बसून आहेत. मी निघून आलो, त्या नाही आल्या. अजून वाट बघताहेत." असं काही बोलले की ते उठून उगीच कढीपत्त्याला पाणी घालायला जायचे.

त्यांना एक बहीण होती, दोन वर्षांनी मोठी. ताई. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, अलिबागला मुला-सुनेजवळ राहायच्या. भांडण नव्हतं, दुरावा नव्हता, वाटणी-बिटणीचं काहीच नव्हतं. सर फक्त गेले नव्हते. आधी पीएचडी, मग नोकरी, मग सेमिस्टर भाऊबीजेतच यायचं, मग सवय. आई गेली तेव्हा एकदा गेले होते तेवढंच. दर दिवाळीला फोनवर 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचे. ताई रागवायच्या नाहीत. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात, तशा त्या वर्षानुवर्षं गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळायच्या. इकडे सर संध्याकाळी अंगणात जाऊन ती बारीक कोर बघून यायचे. "माझ्याकडे आधी येतो," म्हणायचे, "मग तिच्याकडे जातो. निरोप पोचतो."

मी तोवर इथली कायमची रहिवासी झाले होते, एका भाज्यांच्या गोडाऊनच्या ऑफिसात पगाराचे हिशोब बघत होते, लग्न होऊन दोन रस्ते सोडून राहत होते, आणि रविवारी सरांकडे जेवायला जात होते. अशाच एका रविवारी त्यांनी वरण वाढता वाढता सांगितलं, "माझी हाडं बिघडली आहेत. आतला मगज. रक्त नीट बनवत नाही. सगळं पुसून दुसऱ्याचं बसवावं लागणार."

"दुसऱ्याचं म्हणजे कोणाचं?"

"भावंडाचं जुळलं तर उत्तम. जुळेलच असं नाही, चारात एकदा जुळतं." आणि मग बराच वेळ वरणात चमचा फिरवत राहिले. "इतक्या वर्षांत एक भाऊबीज केली नाही, आता कुठल्या तोंडाने मागू?"

फोन मीच लावून दिला. ताईंनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "रक्त कुठे द्यायचं ते सांग. आणि त्या पोरीला म्हणावं स्वेटर किती लागतील?"

जुळलं. सगळंच्या सगळं जुळलं. ताई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या आणि ऐन हिवाळ्यात मेलबर्नला उतरल्या. बाहेर आल्या त्या फणफणतच. विमानतळावर त्यांचे पेढे आणि पूजेची आंब्याची पानं काढून घेतली होती.

"मेल्यांनी पेढे घेतले रे बाळू! तुझ्यासाठी आणलेले!"

सरांचा चेहरा आनंदाने फुलला. "घेणारच! ही देशाची कातडी आहे, ताई. बाहेरचं आत येऊ देत नाही."

"मग मला कसं येऊ दिलं?"

सरांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. इतक्या वर्षांनी भेटलेली ही भावंडं एकमेकांच्या गळ्यात पडतील असं मला वाटलं होतं. ती पार्किंगपर्यंत पेढ्यांवरून भांडत गेली.

ऍडमिट व्हायच्या आदल्या दुपारी सर मागच्या पायरीवर उन्हाला बसले होते. केस जातील, उलट्या होतील, जीवही जाऊ शकतो, हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याचं काही नव्हतं. "उद्यापासून माझी स्मरणशक्ती जाणार," म्हणाले. "डोक्यातली नाही. ही." आणि छातीवर, दंडावर, मांडीच्या हाडावर हात फिरवला. "सगळी औषधाने पुसणार. उद्या गोवर समोर आला तर मी त्याला ओळखणार नाही."

मग बोटांवर मोजत एकेकाचा निरोप घेत बसले. गोवर तिसरीत. उशाशी कडुनिंबाचा डहाळा, आणि आईने महिनाभर वाचायला मनाई केलेली. गालगुंड दोघा भावंडांना एकदम. शेजारीपाजारी बघायला यायचे. डांग्या खोकला पावसाळ्यातला. "आणि कांजिण्या ताईकडून आल्या. मीच तिच्या पांघरुणात शिरलो होतो, शाळा बुडावी म्हणून."

ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "रडतोस काय त्यात?" त्या म्हणाल्या. "तुझ्या गेल्या तर माझ्या घे. त्याच घरातल्या आहेत."

पेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून ताईंनी चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली. कंबर इतकी ठणकली की बाळंतपणं बरी, म्हणाल्या. मग एके दिवशी दोन्ही हातांत सुया घालून मशिनशेजारी पडून राहिल्या आणि मोबाइलवर मालिका बघत राहिल्या. त्यातून निघाली ती एक पिशवी, टोमॅटोच्या सारासारखी दिसणारी. ती सरांच्या नळीत उलटी टांगली. मी काचेबाहेर होते. मला वाटलं होतं काहीतरी मोठं दिसेल. एक नर्स येऊन गेली, बास.

दोन महिन्यांनी ताई परत निघाल्या तेव्हा सर टोपीखाली पूर्ण टकले, दारापर्यंत चालण्याइतके बरे झाले होते. ताईंनी दारातच ठणकावलं, "भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो. इथे सगळं उलटंच झालं. आता तू यायचंस. पाटावर बसायचं. तोवर माझी ओवाळणी बाकी."

"येणार," सर म्हणाले. ह्या वेळी 'पुढच्या वर्षी' म्हणाले नाहीत. पण डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्या लसी नव्याने झाल्याशिवाय, विशेषतः गोवराची झाल्याशिवाय, प्रवास नको. आणि ती जिवंत लस, ती दोन वर्षांनी. तेव्हापासून सरांच्या आयुष्यात तेवढीच एक गोष्ट उरली: लसी संपवायच्या आणि ताईच्या पाटावर जाऊन बसायचं.

पहिल्या काही महिन्यांत त्यांचे तळहात-तळपाय लालभडक झाले, सोलवटले. नव्या पेशींना जुनं शरीर परकं वाटत होतं. डॉक्टर काळजीत, मी काळजीत, सर तळहात उजेडात धरून बघत बसलेले. "ताईच्या पेशी विचारताहेत, हा कोण? बरोबर आहे त्यांचं. इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही." औषधं वाढवली आणि हळूहळू लाली उतरली. सरांनी ताईला फोन केला, "ओळख पटतेय."

खाण्यावरची बंधनं सुटली त्या रविवारी त्यांनी कोळंबीची फर्माईश केली. कोळंबी म्हणजे सरांचा जीव. लहानपणी ताईला कोळंबी चालायची नाही, अंगावर उठायचं. त्यामुळे तिच्या वाटची कायम ह्यांना. मी कालवण केलं. पहिला घास, दुसरा घास, आणि सर मनगट खाजवायला लागले. मनगटाच्या आत एक लाल गांध उठली. मग कोपरापर्यंत, मग गळ्यावर, मग ओठ सुजला. मी अँब्युलन्ससाठी ट्रिपल झीरो फिरवला. आणि सर, श्वास लागलेला, एक डोळा मिटत चाललेला, हसत होते.

"Any known allergies?" अँब्युलन्समधल्या मुलीने विचारलं.

"Not mine," सर म्हणाले. "My sister's. She has arrived."

"He's confused," ती मुलगी आपल्या जोडीदाराला म्हणाली.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॉटवरून त्यांनी फोन लावला. सगळं ऐकून ताई इतक्या हसल्या की मला शेजारी ऐकू आलं. "जन्मभर माझ्या वाटची खाल्लीस ना? बस आता!" तेव्हापासून सरांच्या खिशात ऍलर्जीवरच्या इंजेक्शनचं पेन असायचं, आणि कोळंबीचं नाव निघालं की ते मनगट पुढे करून सांगायचे, "चालत नाही. ताईला चालत नाही."

लसींसाठी त्यांना क्लिनिकला मीच न्यायची. तान्ह्या बाळांच्या लसींचा तो वार. प्रॅम्सच्या रांगेत कानटोपी घातलेले सर. शेजारच्या आईला त्यांनी सांगितलं, "मी सहा महिन्यांचा." ती जरा लांब सरकली. नर्सने टोचून झाल्यावर विचारलं, "Sticker, darl?" सरांनी कोआला निवडला आणि तो स्वेटरवर मिरवत बँकेत जाऊन आले. दुसऱ्या वर्षी माझी मुलगीही त्याच रांगेत होती, पाळीपाळीने दोघंही रडायची, सर मुद्दाम. आता ती शाळेत जाते. ताप आला की म्हणते, "Mum, are my soldiers working?" हे तिला मी शिकवलेलं नाही.

याच काळात कधीतरी ताईंचं विसरणं सुरू झालं. आधी ते आम्हाला कळलंच नाही. फोनवर 'जेवलास का' हे दोनदा विचारायच्या, मग चारदा. मग सून सांगायला लागली की सकाळी दूध तापवायला ठेवून खाली उतरतात. एका रविवारी सरांनी आमच्या घरून व्हिडिओ कॉल लावला. ताईंनी स्क्रीनकडे बघितलं, पदर सारखा केला, आणि अतिशय अदबीने विचारलं, "आपण कोण?"

मी सरांच्या हातातून फोन घेतला आणि काहीतरी बोलून ठेवून दिला.

"तिला म्हणावं थांब," ते मला म्हणाले, जणू मी काही करू शकणार होते. "एक लस राहिलीये. तेवढी झाली की येतो. तेवढे दिवस लक्षात ठेव म्हणावं." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना देवाच्या फोटोसमोर उभं राहिलेलं बघितलं. फोटो माझ्या घरातला होता; त्यांच्याकडे नव्हता.

गोवराची लस झाली. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. सर त्या दिवाळीत अलिबागला गेले. टोपी, पेन, औषधांचा डबा, आणि ओवाळणीसाठी घेतलेली निळी साडी, जी त्यांनी स्वतः तीन दुकानं फिरून निवडली होती.

परत आले तेव्हा मी विमानतळावर घ्यायला गेले. दुपार होती. "कशा आहेत ताई?" विचारलं, तर "बरी आहे, वजन उतरलंय," म्हणून खिडकीबाहेर बघत बसले. रिंग रोड अर्धा संपला तेव्हा आपणहून बोलायला लागले.

"सुनेने पाट मांडला. रांगोळी काढली. मी बसलो. ताईच्या हातात तबक दिलं. हात सराईत होते गं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. एक चूक नाही. आणि मग सुनेकडे वळून हळूच विचारते, म्हणजे तिला वाटलं हळूच, 'ह्यांना बहीण नाही का गं कोणी? सणाचे परक्यांकडे आलेत.'"

मी गाडी डाव्या लेनला घेतली. "मग?"

"'आहे,' म्हटलं. 'बरोबर घेऊन आलोय.' तर ती माझ्या मागे दाराकडे बघायला लागली. 'मग त्यांना बाहेर का ठेवलंत?' म्हणते. 'बसवा की जेवायला.'"

"पानं वाढली," सर पुढे म्हणाले. "सुनेने कोळंबी केली होती. बिचारीने मुद्दाम केलेली. ताई वर्षानुवर्षं सांगायची ना, बाळूला कोळंबी लागते. माझ्या आजाराचं पुढचं सुनेच्या लक्षात नाही राहिलं. मी विचार करत होतो, आता नको कसं म्हणायचं. ताई शेजारी बसलेली, लक्ष खिडकीकडे, कावळे बघत होती. आणि कावळे बघता बघता तिने हात लांब केला, माझ्या पानातली वाटी उचलली आणि टेबलाच्या पार टोकाला सरकवली. 'ह्यांना वाढू नकोस,' म्हणाली. 'ह्यांच्या अंगावर उठतं.'"

"त्यांना कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. त्या दिवशी हॉस्पिटलमधून मी सांगितलं होतं तेवढंच. माझं नाव गेलंय. नातं गेलंय. रेवदंडा गेलाय. आणि हे आहे."

"असं कसं, सर?" मी विचारलं. सवयीने विचारलं. आता काखेतली गाठ येईल, हाडाची पोकळी येईल, कुठलीतरी निष्ठावान पेशी येईल, म्हणून वाट बघत राहिले.

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि चष्मा काढायचं त्यांना सुचत नव्हतं.

वारा आमच्या बाजूचा होता. वेरिबीच्या फाट्याच्या अलीकडेच तो वास सुरू झाला. सर हलले नाहीत, म्हणून त्यांच्या बाजूची काच मीच खाली केली. "आलं घर, सर," मी म्हटलं. कोळंबीची ती पहिली गांध उठली होती त्या मनगटावर त्यांनी दुसरा हात ठेवलेला होता, आणि गाडी दारात लागेपर्यंत तो त्यांनी काढला नाही.